आठ फुटांवर

इतवारीत भांडे ओळीच्या मागे एक बोळ आहे.
डोमाजी निखाऱ्याच्या दुकानात
शिलाई मशिनीच जास्त, कॅमेरे दोन.
कूलरला ओल्या खसाचा वास, खाली गंजाचा.

एक कॅमेरा सागवानी, पितळी कोपऱ्यांचा,
लग्नात मिरवावा असा.
दुसरा पत्र्याचा, चामडं सोललेला,
कानाशी रेंजफाइंडरची डबी,
आवाळू आल्यासारखी.

"लाकडी घ्या नं बाई, शोभून दिसन."

शोभायचं काय घेऊन बसलात.
लाकडीच्या मागे काळं कापड ओढून
उलट्या जगाकडे पाहत बसायचं,
मे महिन्यात, नागपुरात?
वांग्यासारखं भाजेल डोकं.
मला हा पत्र्याचा पाहिजे.
समोरचं माणूस कंटाळायच्या आत
दोन धूसर आकृत्या एकीवर एक सरकवायच्या
आणि मोकळं व्हायचं.

मग त्यानं सुपारीचा डबा उघडला.
तीन भिंगं, प्रत्येक मोज्यात गुंडाळलेलं.
नव्वदचं रुंद: आख्खी पंगत मावते,
पण कडेची माणसं फुगतात.
दोनशे दहाचं, अहाहा,
विहिरीच्या तळासारखं स्वच्छ,
मी ते किती वेळ खाली ठेवलंच नाही.
"त्याचा कॅम हरवला," डोमाजी म्हणाला.

कॅम म्हणजे पितळेची एक पाकळी,
तिच्या कडेवरून काटा घसरतो, भिंगाची चाल मोजतो.
एका भिंगासाठी एकच घासलेली.
दुसऱ्याची लावली तर खिडकीत सगळं जुळतं,
फिल्मवर मात्र फुटतं.
असे संसार मी पाहिलेत,
दोन तर आमच्याच क्वार्टरच्या जिन्यात.

उरलं दीडशेचं.
काठाला बुरशीचा एक धागा, आत एक बुडबुडा.
घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून
मी त्याचा नंबर वाचला, मग पाकळीवरचा.
सात एक चार. सात एक चार.

छतावर नेऊन पाहिला.
सेमिनरी हिल्सवरचा मनोरा, उन्हात थरथरणारा,
दोनाचा एक झाला.
मी म्हटलं, जुळलं!
"अनंत सोपं असते बाई," डोमाजी म्हणाला,
"तिथं समदेच जुळतात. जवळचं पाहा."

अठरा हजार. रजेचे पैसे होते, त्यातले.

फिल्म माझी.
मेयोत बत्तीस वर्षं एक्स-रे काढले,
डिजिटल आलं तेव्हा भंगारात चाललेला एक डबा
मी सही करून घरी आणला.
न्हाणीघरात लाल दिव्याखाली
चार बाय पाचचे तुकडे कापले.
तिला लाल दिसत नाही, केशरी तर नाहीच:
कुंकू काळं येईल,
संत्र्यांची हातगाडी कोळशाची वाटेल.
येऊ दे.

डोमाजीला दाराच्या उजेडात स्टुलावर बसवलं.
टेपनं मोजलं, आठ फूट.
कॅमेरा शिलाई मशिनीवर टेकवला, मशीन हललं,
खाली कागदाची घडी सरकवली.
खिडकीत दोन डोमाजी,
एक जरा पिवळट, एक जरा वर.
चाक फिरवत गेले तसा
पिवळट आला, दुसऱ्याच्या मिशीवर मिशी ठेवली,
कानावर कान,
आणि एकच राहिला,
डाव्या भुवईत देवीचा व्रण असलेला.

इतकी वर्षं माणसं माझ्यासमोर उभी राहिली,
हनुवटी वर, छाती पाटीला टेकलेली,
फासळ्या मला पाठ आहेत.
भुवया कुणाच्याच आठवत नाहीत.

"हलू नका. श्वास घ्या. रोखा."

पाव सेकंद. शटर खोकल्यासारखं वाजलं.
पट्टी आत घातली, कॅसेट काढली,
वहीत लिहायला लागले:
दीडशे, आठ फूट, सकाळचे साडेदहा.

"बाई," स्टुलावरून आवाज आला,
गाल फुगलेले, तोंड लालबुंद,
"सोडू काय आता?"