दहा नंबरचे

किटवेत चोऱ्या वाढल्या तशी चिलुफ्याने
खिडक्यांना गज बसवून घेतले.
वेल्डर कापेम्ब्वा जाता जाता म्हणाला,
भिंतीवर बाटल्यांच्या काचा रोवा,
आणि दाराशी पुरुषाचे बूट असू द्या,
मोठे.

मोठे होतेच. खाणीतले, लोखंडी नाकाचे,
दोन वर्षं पलंगाखाली.

कोरडे बूट चोराला कळतात,
म्हणून रोज संध्याकाळी ती
त्यांत पाय घालून नळापाशी जाते,
लाल चिखल तुडवते,
आणि उंबऱ्याशी येऊन आपटते,
गरजेपेक्षा जरा जोरातच.

त्या आवाजाला धाकटी अजून
आतून पळत येते.
दारात थबकते.
"तू होय," म्हणते,
आणि वरच्या कडीसाठी
स्टूल ओढू लागते.