निळा टाका

सॅल्यूटला हात कपाळापर्यंत जातो,
पंजा मात्र नाकावर ओघळतो.
बोटं मिटतात, उघडत नाहीत.
कामठीच्या लष्करी दवाखान्यातल्या वॉर्डात
मी असा उभा, जणू खाली काही पडलंय
आणि माझा उजवा हात ते शोधतोय.

वर, बर्फात, मला पहिल्यांदा ज्याने उघडलं
तो डॉक्टर मी पाहिलाही नाही.
लोखंडाचे तुकडे काढले, रक्त थांबवलं,
आणि तुटलेल्या नसेच्या दोन्ही टोकांना
एकेक निळा टाका घालून ठेवला,
पुढच्याला सापडावीत म्हणून.
कागदावर एवढंच: जखम मळकी आहे, आत्ता जोडू नये.
एका अनोळखी माणसाने दुसऱ्यासाठी
माझ्या दंडात ठेवलेली चिठ्ठी.

तीन महिन्यांनी ती कर्नल डेका बाईंनी वाचली.
म्हणाल्या, टोकाला कांद्यासारखी गाठ धरली होती,
नसेला पुढे जायचं होतं, वाट सापडेना,
स्वतःभोवतीच गुंडाळत बसली.
ती कापली. अजून कापली. चकती चकती करत,
आत निरोगी तोंडं दिसेपर्यंत.
दोन बोटांची फट होती, ती चार बोटांची झाली.
जोडायचं होतं ना, मी विचारलं.
हो, म्हणूनच, त्या म्हणाल्या.
मग पोटरीतली एक नस काढून तिचे तुकडे
जुडीसारखे त्या फटीत बसवले.

वडील गोळीबार चौकातून बस बदलत आले.
हयात खड्डामागावर गेली त्यांची,
तुटलेला धागा न बघता सांधतात, बोलता बोलता.
बाईंना एकच विचारलं: धागा कितीचा?
बाईंनी पाकीट फोडलं.
वडिलांनी चष्मा वर केला, खाली केला, खिडकीशी गेले.
"दिसत नाही."
"मलाही नाही. दुर्बिणीतून दिसतो."
"मग ताण कसा समजते?"
"ताण द्यायचाच नाही. ताण आला की जोड मरतो."
वडील बराच वेळ पाकिटाकडे बघत राहिले.
"अन् आतला तंतू?"
"तो आम्ही शिवत नाही, वरची सालच शिवतो.
जोडाच्या पुढचा मेलाय, पार बोटापर्यंत.
मागून नवा उगवत येतो, रोज एक मिलिमीटर.
जमलं तर."
हे शेवटचे दोन शब्द त्यांनी घरी सांगितले नाहीत.

कुट्टी दर गुरुवारी दंडावर बोटाने टकटक करतो.
मुंग्या येतात तिथे बॉलपेनची रेघ, बाजूला तारीख.
डिसेंबरात रेघ दंडाच्या मध्यावर,
मार्चात कोपराशी.
प्रणिता आंघोळीचं पाणी घालते
तेव्हा रेघा सोडून साबण लावते.

मे महिना. सेहेचाळीस डिग्री. इतवारीत
चप्पल पायातून कधी सुटली, कळलंच नाही.
डांबरावर अर्धं पाऊल ओरडलं,
बाहेरची कड गप्प. तिथली खबर
पोटरीतून कापून हाताला दिलीय ना.
रात्री फोड दिसले. प्रणिता रडली,
मला मात्र हसू येत होतं, काऊन ते ठाऊक नाही.

मग एका संध्याकाळी, कूलरचं पाणी संपून
नुसता पंखा खडखडत असताना,
मी मनगट उचलायचा रोजचा खेळ खेळत होतो.
मनगट जागचं हललं नाही.
वडील मागावरून उठून आले,
कोपराखाली एक बोट टेकवलं,
ताण्याच्या धाग्यावर टेकवतात तसं, डोळे मिटून.
"पुन्हा कर."
केलं.
"ताण आहे," म्हणाले, आणि परत जाऊन बसले.

गुरुवारी कुट्टीने फाइलमध्ये लिहिलं: पाचपैकी एक.

त्या बर्फातल्या माणसाला हे कळवायचं होतं.
पहिल्या कागदावरची त्याची सही
कुणालाच वाचता आली नाही.