रुईचा भुगा

चोपड्याच्या जिनात आप्पा चिमटीत पुंजका ओढायचे,
तंतू अंगठ्यावर धरून सांगायचे, अठ्ठावीस मिलिमीटर.
पट्टी कशाला लागतेय.

मी पुढे कोपेपॉडच्या मिशा मोजल्या,
एकतीस वर्षं,
जाळीत आलेला एकेक जीव
सुईच्या टोकानं बाजूला सारत.
मोजणी चुकली की आप्पांचा खाकरा ऐकू यायचा.

अरबी समुद्रात कॅमेरा सोडला त्या रात्री
दोन हजार मीटरवर, दिव्याच्या झोतात
काही पांढरं पडत होतं :
मेलेली शेवाळं, कुणाची विष्ठा, कुणाची कात,
वरून खाली, आठवडेच्या आठवडे.
जहाजावर कुणी म्हणालं, बर्फ.
मला जिनाच्या पत्र्याच्या भोकातलं ऊन दिसलं,
त्यात तरंगणारा रुईचा भुगा,
आप्पांच्या भुवयांवर, माठाच्या झाकणीवर,
आणि छातीत,
जिथून तो मग निघालाच नाही.

निवृत्त होऊन आले.
निमगव्हाणला तापीच्या डोहात बाटली बुडवली.
शेजारच्या ठगूबाईनं ती उन्हात धरली :
"यामा ते काहीच नई शे व माय."
मी भिंग दिलं. आप्पांचंच, कापूस बघायचं.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली,
"हाई तं हालस."