पोळपाटावरची ट्राम

कोल्हापुरात ट्राम नव्हती कधी.
टांगे होते, मग रिक्षा आल्या.
रेल्वेसुद्धा स्टेशनात येते आणि संपते,
पुढं रूळच नाहीत.

माझ्याकडं सहा ट्रामी आहेत.
आजऱ्याच्या तांदळाच्या रिकाम्या डब्यात
मलमलीत गुंडाळून निजलेल्या,
प्रत्येकीचं वजन पेढ्यापेक्षा थोडं जास्त.

पहिली मोरितासाननं दिली.
उद्यमनगरात आमच्या शेडमध्ये त्याच्या देशाचं मशीन आलं,
ते बसवायला तो तीन आठवडे होता.
मला मराठी, त्याला जपानी,
मध्ये फक्त मायक्रोमीटर.
जाताना खिशातून डबी काढली,
तळहातावर ठेवली आणि वाकला.
मीही वाकलो. कुणी आधी सरळ व्हायचं ते कळेना.

बाकीच्या पोस्टानं आल्या.
पार्सल सोडवायला गेलो की दस्तगीर विचारायचा,
"काय भूपाल, लेकराला खेळणं?"
मी "व्हय" म्हणायचो.
ड्यूटी भरताना सांगायला बरं पडतं.

रूळ वळतो एकशेतीन मिलिमीटर त्रिज्येवर.
पोळपाट अडीचशेचा.
कडेला बोटभर जागा उरते.
हे पद्मलला कागदावर काढून दाखवलं,
तिनं कागद बघितला, मला बघितलं,
आणि दुसऱ्या दिवशी गंगावेशीतून
नवा पोळपाट आणून माझ्यापुढं आपटला.
"ह्याच्यावर मी लाटणार नाही.
माझ्यावर तुम्ही पळवायची नाही."

पहिल्या वर्षी गाड्या सारख्या अडायच्या.
मोटर उघडली तर चुंबकाला दाढी आलेली,
लोखंडाच्या किसाची.
तीस वर्षं लेथवर जे अंगावर घेऊन आलो,
केसांत, कोपरात, शर्टाच्या शिवणीत,
ते तिनं एकेक कण ओढून घेतलेलं.
तेव्हापासून आंघोळ केल्याशिवाय
डब्याला हात लावत नाही.
देवघरातसुद्धा इतका सोवळा नसतो, पद्मल म्हणते.

हिरवी ट्राम हिरोशिमाची, पण मुळात क्योतोची.
क्योतोनं रूळ उखडले,
हिरोशिमानं गाड्या घेतल्या
आणि रंग बदलला नाही.
जिथली तिथली दिसू दिली.
हे वाचलं त्या रात्री मी तिला म्हटलं,
तूही निपाणीची.
बेचाळीस वर्षं आमच्यात राहून
तुझा हेल अजून तसाच आहे.
ती म्हणाली, "मग? खरवडून काढायचा होता?"

गाडीत माणसं नव्हती, हे तिनंच दाखवलं.
"रिकामीच फिरवताय, तोट्यात जाईल."
जपानी माणसांची पुडी महाग,
सहा माणसांना आठशे रुपये.
ती मिसळणाचा डबा घेऊन आली.
मी मोहरी मायक्रोमीटरमध्ये धरली.
दीड मिलिमीटर.
गुणिले दीडशे, सव्वादोनशे.
बरोबर माणसाचं डोकं.

आता हिरव्या गाडीत सात मोहऱ्या बसतात,
चिमट्यानं, डिंकाच्या थेंबावर.
एक खिडकीशी. एक जरा मागं कललेली,
ती झोपलीय असं आम्ही ठरवलं.
आठवी दारात उभी होती, ती हरवली.
उतरली असेल.

काल रात्री वीज गेली.
घुर्र करत आलेली गाडी
वळणाच्या अर्ध्यात थांबली,
आतला तांदळाएवढा दिवा विझला.
खाली गल्लीत कुणीतरी महावितरणला शिव्या घातल्या.
आम्ही दोघं पोळपाटाशी बसून राहिलो,
स्टॉपवर बसल्यासारखे.
दहा मिनिटं. पंधरा.
मग अंधारात तिचा आवाज आला, निपाणीचा,
"आमच्यात यष्टी अडली की माणसं उतरून ढकलतात."
बांगड्या वाजल्या.
चाकांचा बारीक आवाज,
अडखळत, मग सरळ,
माझ्या गुडघ्यापासून तिच्या गुडघ्यापर्यंत
आणि परत.

बोटाला कणिक होती तिच्या.
आज चाकं उघडून बघायला पाहिजेत.
बघू. उद्या.