सेटल

लग्नाच्या बोलणीत माझ्या मावशीने
एकच प्रश्न तीनदा विचारला होता:
मुलगा सेटल आहे ना?
दिग्विजयच्या काकांनी मकरपुऱ्याच्या
ऑफसेट प्रेसचं कार्ड पुढे केलं,
चार रंगांत छापलेलं, कोपरे गोल कापलेले.
मावशीने ते पर्समध्ये टाकलं. झालं.

अकरा वर्षांनी, अलकापुरीच्या शाखेत,
पार्थिवभाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.
माझे सातशे ब्याऐंशी.
दिग्विजयचे पाचशे एकाहत्तर.
त्याखाली, एका क्रेडिट कार्डासमोर,
मावशीचाच शब्द: सेटल्ड.
मला आधी बरंच वाटलं.

पार्थिवभाई दांडिया बाजारात वाढलेले.
मराठी बोलतात, पैशाचा विषय निघाला
की गुजरातीत जातात.
"ना बेन. क्लोज्ड होत तो चालत."
सेटल्ड म्हणजे पूर्ण फेडले नाहीत.
उरलेले बँकेने सोडून दिले.
सोडून दिले, विसरली नाही.

ज्या वर्षी कुणी लग्नपत्रिका छापल्या नाहीत
त्या वर्षाचे एकोणचाळीस हजार.
मशीनवरच्या रमणभाईंचा
आणि बाइंडिंगच्या सलीमचा पगार
तीन महिने कार्डातून निघत होता,
आणि मी स्वयंपाकघरात वहीत लिहीत होते
दूध, गॅस, शिल्लक.
शिल्लक रोज जुळायची.

काळाघोड्यापर्यंत मी गप्प.
विश्वामित्रीच्या पुलावर गर्दी होती;
खाली मगर उन्हाला पडली होती, नाहीतर ओंडका,
लोक थांबून ठरवत होते.
तो म्हणाला, सांगणार होतो.
मी म्हटलं, समोर बघ.

राग पैशांचा नव्हता असं लिहिलं तर शोभेल.
पैशांचाही होता.

मी रोज लॅबमध्ये लोकांचे आकडे छापते,
साखर, क्रिएटिनिन, कुणाचं प्लेटलेट.
आकड्यावरून माणूस वाचायचा नाही,
हे नव्या मुलींना मीच शिकवते.
त्या रात्री पाचशे एकाहत्तर
माझ्या शेजारी कूस बदलत होते.

शेवटी अर्ज माझ्या एकटीचा.
बत्तीस लाखांचे एकोणीस झाले,
गोत्रीचा फ्लॅट हातचा गेला,
वाघोडिया रोडवर एक खोली, एक हॉल,
आणि ओट्यासमोर खिडकी,
जिच्यातून दुसऱ्याचा ओटा दिसतो.
कर्जात त्याचं नाव नाही,
म्हणून दस्तातही नाही.
पार्थिवभाईंनी धीर दिला,
बाईमाणसाच्या एकटीच्या नावावर
नोंदणी फी माफ असते.
"घे," दिग्विजय म्हणाला,
"मी नसण्याचा एक टक्का फायदा."
हसला तो. मी चेक मोजत होते.

नोंदणीच्या दिवशी ठरलेला साक्षीदार
डभोईच्या फाटकावर अडकला.
कारकून म्हणाला, कोणीही चालेल, नाव दस्तात नको.
अशी अट पुरी करणारा
आमच्यात एकच होता.

"खरीदनारने ओळखो छो?"
दिग्विजयने माझ्याकडे पाहिलं.
इतका वेळ, की कारकुनाने
चष्म्यावरून मान वर केली.
"ओळखुं छुं," तो म्हणाला
आणि सही केली, द ची शेपटी लांब ओढून,
पत्रिकांवर वराचं नाव काढायचा तशी.

अंगठ्यांची शाई पुसायला कापूस नव्हता.
शाईचं त्याला कळतं;
प्रेस विकून चार वर्षं झाली
तरी खिशात चिंधी असते.
आधी माझा अंगठा पुसला,
नखाच्या कडेपर्यंत, मन लावून.

पार्किंगमध्ये म्हणाला,
"अजून एक आहे. मोबाईलचा हप्ता. छोटा."
मी त्याच्या हातून चावी घेतली.
बस मागे, म्हटलं, आज मी चालवते.
आणि सांग.
छोट्यापासून नको. पहिल्यापासून.