फिती

दंडोबाच्या शर्यतीत मी शेवटचा असतो.
ठरवून.
केशरी बंडी मिळते, पाठीवर पोतं,
आणि काम एवढंच, की जो सगळ्यात मागे आहे
त्याच्याही मागे राहायचं
आणि काल बांधलेल्या फिती
सोडत सोडत यायचं.

पहाटे भोशाच्या बाजूनं तीनशे दिवे चढले.
पायथ्याच्या बेदाणा शेडवरून
गंधकाचा आंबूस वास येत होता.
मग दिवे वळणाआड गेले, धूळ बसली,
उरलो दोघं:
मी, आणि दोनशे बारा नंबर.
एस्तेर भंडारे, मिरजेच्या दवाखान्यात नर्स,
रात्रपाळी उरकून थेट आलेली.
"पळणार का चालणार?"
"बघू, पेशंट काय म्हणतोय."
पेशंट म्हणजे तिचा डावा गुडघा.

चढाला ती मोजत होती
मनगटावर बोटं ठेवून, ओठ न हलवता.
मी फिती सोडत होतो.
हिवराच्या फितीनं अंगठ्यात काटा ठेवला.
वनखात्याच्या रांगेतली एक
शेळीनं अर्धी खाल्लेली.
गाठ सुटली की मागे वळून बघावं,
वाट दिसत नाही.
गवत, मुरूम, पुन्हा गवत.
यादवांचे पाथरवट
छिन्न्या घेऊन इथूनच चढले असतील,
त्यांना कुणी फिती बांधल्या?

पठारावर एक फीत भलत्याच जागी.
मी बोरीला बांधलेली, ती आता
चाळीस पावलं खाली, तरवडावर.
शेजारी बिरू हाक्के, मेंढरांसकट.
मी विचारायच्या आत म्हणाला, "म्या हलिवली.
टिटवीनं अंडी घातल्यात वाटंवर. चार.
तीनशे बुटं म्हंजी..."
पुढचं त्यानं काठीनं जमिनीवर घासलं.

म्हणजे सगळी शर्यत
टिटवीला वळसा घालून गेली होती
आणि कुणाला पत्ता नव्हता.
(खाली घड्याळांवरून भांडणं झाली,
ते नंतर कळलं.)
टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती.
"कुठायत?" मी म्हटलं.
"बघताय की तिकडंच."
खड्यांत खडे. मला दिसली नाहीत.
एस्तेरला दिसली.
ती एकदम हळू बोलायला लागली,
वॉर्डात बोलतात तसं.

देवळापाशी पाण्याचं टेबल आवरलेलं.
आमच्यासाठी दोन केळी, मिठाची पुडी.
वेळ संपायला चौदा मिनिटं,
पुढे नुसता उतार. पोचलो असतो.
ती खाली बसून बूट काढू लागली.

"आत देवाभोवती अंधारी वाट आहे ना?
खरसिंगच्या एक बाई होत्या, बेड नंबर नऊ.
रोज सांगायच्या.
म्हणायच्या, आधीच डोळे मिटून शिरायचं,
मग अंधाराला काही करता येत नाही."

माझं काम मागे राहायचं.
म्हणून मीही बूट काढले.
आत कातळ गार, तळव्यांना ओलसर,
वटवाघळांचा उग्र वास,
आणि पुढे कुठेतरी
भिंतीवरून सरकणारा तिचा तळहात.
माझं घड्याळ आपणहून उजळलं.
मी ते मुठीत झाकलं.
एका वळणावर ती थांबली असावी,
कारण माझं मनगट कुणीतरी धरलं,
आणि बराच वेळ काहीच नाही.
मग अंधारातून:
"एकशे अठरा. तुमचे.
बाहेर गेल्यावर जरा बसा."

खाली पोचलो तेव्हा कमानीतली हवा सोडत होते,
ती म्हशीसारखी एका अंगावर बसत होती.
पदक खोक्यात गेलं होतं, परत काढलं.
एस्तेरनं ते गळ्यात न घालता
गुडघ्यावर ठेवून बघितलं,
आणि मिरजेची वडाप धरली.

मी पोतं ओतलं. मोजलं.
बांधल्या होत्या दोनशे चाळीस,
आल्या दोनशे एकोणचाळीस.
"एक कमी?" संयोजकांनी विचारलं.
शेळीनं खाल्ली, मी म्हणालो.

तरवडावरची ती.
रविवारी पठारावर मोटारसायकली येतात.
मंगळवारी जाऊन बघणार आहे,
आणि या वेळी बिरूला म्हणणार आहे,
बोट दाखव.