एकेचाळीस भोकं

मे महिना, जळगाव एमआयडीसी, डोक्यावर पत्रा.
चिलर दुपारपासून दोनदा ओरडलाय.
मशीनच्या पोटात जो उजेड आहे
तो मी कधी पाहिलेला नाही. कुणीच नाही.
दिसते ती ठिणगी,
आणि मागे राहिलेली फट.

चार वर्षांत एवढं कळलं
की प्रत्येक जिनसेची समजूत वेगळी काढावी लागते.
काळ्या लोखंडाला ऑक्सिजन द्यावा, ते स्वतःच जळायला मदत करतं.
स्टेनलेसला नायट्रोजन, नाहीतर कडा रुसून काळी पडते.
तांबं उजेड घ्यायला तयार नसतं, आल्या वाटेनं परत धाडतं,
तेव्हा लेन्सचा जीव मुठीत.
पलीकडच्या छोट्या मशीनवर अ‍ॅक्रिलिक, सागाची फळी,
एकदा तर केळीच्या सोपटाचा कागद, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा.
तो कापताना वास आला
सावद्याच्या बागेत पाचोळा पेटवल्यासारखा.
पीव्हीसी मात्र नाही. पाइपवाल्यांचं गाव असलं तरी नाही.
त्याचा धूर आधी मशीन खातो, मग माणूस.

बोदवडहून उखर्डूशेठ वाणी आले.
रुमालात पितळी चकती, शेवेच्या सोऱ्याची जाळी,
मधे झिजून कागदाएवढी, कडेला चीर.
"स्टीलची चालंल. पन अशीच पाह्यजे."

मी भोकं मोजली. एकेचाळीस.
एक मापलं, तीन पूर्णांक दोन,
तेच चाळीस वेळा चिकटवलं.
मिनिटभराचं काम.
उजेडाकडे धरली तर प्रत्येक भोकातून सारखाच सूर्य.
मला फार आवडली ती.

आठ दिवसांनी शेठ परत,
हातात वर्तमानपत्राची पुडी.
"खाऊन पाह्य."
खाल्ली. चांगली होती.
"चांगलीच हाय. पन समदी एकावक्ती मोडते.
माह्या बापाची शेव रश्श्यात टाकली
का थोडी इरून जायची, थोडी तग धरायची.
म्हनून तर भाजीले दाटपना."

मग मी कॅलिपर घेऊन बसले, शिफ्ट संपल्यावर.
दोन पूर्णांक नऊ. तीन पूर्णांक चार.
एक भोक लांबट, उडदाच्या दाण्यासारखं.
सतराव्यापासून सगळी जरा डावीकडे कललेली,
बहुतेक तिथं हात भरून आला असेल,
किंवा कुणी हाक मारली असेल.
तिसावं दोनदा धरलेलं, स्पष्ट दिसतं.
हातड्रिल किती आणि चाळीस वर्षांचं बेसन किती
हे मला वेगळं करता आलं नाही.
दोन्ही ठेवलं.

पडद्यावरच्या रेघेला जाडी नसते.
किरणाला असते, केसाहून थोडी जास्त.
तेवढा धातू इकडचाही राहत नाही, तिकडचाही नाही,
वितळून खाली उडून जातो.
म्हणून रेघेच्या निम्मं आत चालायचं,
जाणार तेवढं आधीच सोडून.
चुका कापतानाही हाच नियम:
शतांश मिलिमीटर इकडेतिकडे झालं
तर चूक चुकेल.

सुपरवायझर फेगडे डोकावले.
"एवढं वेडंवाकडं?"
ड्रॉइंगप्रमाणेच आहे, म्हटलं.
त्यांनी ड्रॉइंग पाहिलं, मग मला पाहिलं,
आणि चहाला निघून गेले.

या खेपेला मशीन थांबत थांबत चाललं,
प्रत्येक भोकाशी नवा आकडा,
जणू कुणी अनोळखी घरात
अंधारात पायऱ्या मोजत उतरतंय.

शेठनं जाळीवर अंगठा फिरवला, डोळे मिटून.
सतराव्यापाशी थांबला.
पैसे पहिल्या वेळेइतकेच दिले, मीही तेवढेच घेतले.

खाली ट्रेमध्ये पडलेल्या एकेचाळीस टिकल्या
मी गोळा केल्या, अजून कोमट.
एकीवर एक ठेवून पाहत होते,
कुठलीच कुठलीवर नीट बसत नव्हती,
तेवढ्यात चिलर पुन्हा ओरडला.